तुझ्या बाजूचा फाउल

माधुरी, आपलं भांडण अर्धवट राहिलं गं. तू गेलीस म्हणून रडू येतं ते येतंच, पण मध्येच तुझा रागही येतो. भांडण टाकून उठून जाणारी तू नव्हतीस. भाजी करपली तरी चालेल, मुद्दा सोडायचा नाही, असा तुझा स्वभाव. आणि या वेळी मला तोंड उघडायला लावलंस, स्वतःचं एक वाक्य बोललीस आणि गप्प झालीस ती कायमचीच.

तेरवी झाली. पाहुणे आपापल्या गाड्यांनी गेले. भाऊजी शेतात जातात म्हणून निघतात आणि धुऱ्याच्या बांधावर बसून परत येतात. आत्याबाई आपल्या दोन सुनांसाठी दोन वाट्या काढतात, मग एक उचलून फळीवर ठेवतात. तुझी तनु शाळेत जाते, येते, जेवते. रडत नाही. अजून एकदाही रडली नाही. मी मोटर सुरू केली की मागच्या नळाशी बसून रडून घेते, तेवढा आवाज पुरतो.

जावाजावांचं पटत नाही, हे गावाला इतकं पक्कं ठाऊक होतं की आपलं पटतं हे बघून कुणाला चैन पडत नसे. काहीतरी असेलच आतून, असं बायका म्हणायच्या. आतून होतंच. तुझ्या हळदीच्या दिवशी घाटंजीला तुझ्या माहेरी तुला हळद लावायला मी बसले, तेव्हा तुझे गुडघे पाहिले. दोन्ही गुडघ्यांवर जुन्या खरचटण्याचे काळे डाग. आत्याबाईंचा चेहरा पडला. त्यांनी विचारलं, "पोरगी पडली होती काय कुठं?" तू मान वर करून म्हणालीस, "पडली कशाची जी, खो-खो खेळतो आमी." नवरीनं असं बोलायचं नसतं. तुझी आई तोंडाला पदर लावून उभी. आणि मला हसू आवरेना, कारण तसेच डाग माझ्या गुडघ्यांवर होते. दहावीपर्यंत मीही खेळले होते. लग्न झालं तसे ते लुगड्याखाली गेले आणि घरात कुणाला त्यांचा पत्ताही नव्हता. रात्रीपर्यंतही थांबले नाही, त्याच मांडवात मी तुझ्या कानात सांगितलं. तू हळदीच्या हातानं माझा हात इतका जोरात दाबलास की माझ्या बांगड्यांना पिवळं लागलं.

पंच व्हायचं खूळ मात्र तुझंच. तनु शाळेच्या संघात लागली, तालुक्याच्या सामन्यांना आपण दारव्ह्याला गेलो. मुलींच्या सामन्याला पंचच नव्हते. मग दोन शाळांचे दोन सर उभे राहिले आणि ज्यानं त्यानं आपापल्या पोरींना सांभाळलं. पोरी रडकुंडीला आल्या. तू कडेच्या गर्दीतून ओरडलीस, "सर, हा फाउल नाई दिसला काय तुमाले?" संयोजक चिडले. "ताई, येवढं समजते तं पंचाची परीक्षा पास व्हा, मंग बोला," म्हणाले. त्यांना वाटलं, बाई गप्प बसेल.

परतीच्या वाटेवर स्कूटी थांबवून तू मागे वळलीस.

"बाई, परीक्षा देऊ."

"तू दे नं. मले कायले मधात घेतं?"

"पंच दोन लागतात."

झालं. एवढ्याच कारणासाठी मी पंच झाले. लोक काय काय ध्यास घेऊन काय काय होतात. मी, समोरच्या बाजूला कुणीतरी लागतं म्हणून झाले. पण नंतर त्यात मी असे काही रमले की तू मला चिडवायचीस, आता बाईंना स्वयंपाकघरातही शिट्टी लागते म्हणून.

अभ्यास कसा केला आपण, ते इथं लिहायलाच हवं, कारण आत्याबाईंशिवाय ते कुणी पाहिलेलं नाही. नियमांचं पुस्तक मला वाचून कळेना. कोणती पोरगी कोणाकडे तोंड करून बसली, कोण कुठून धावली, सगळा गोंधळ. तू उठलीस, टोपलीतली वांगी आणलीस आणि ओट्यावर एका ओळीत मांडलीस. बसलेल्या आठ पोरी. एकीचा देठ तुझ्याकडे, दुसरीचा माझ्याकडे. देठ म्हणजे तोंड. नववी पोरगी म्हणजे लसणाचा गड्डा, तो धावणार. "पाहा बाई," तू म्हणालीस, "हे वांगं तुमच्याकडे तोंड करून बसलं. मंग त्याची पाठ कोणाकडे? माझ्याकडे. लसूण माझ्या बाजूनं येईन, त्याच्या पाठीले हात लावन, खो म्हणन, मंग वांगं उठन. आधी नाई." मी म्हटलं, आणि उठलं तर? "तं फाउल. आणि तो फाउल कोणाले दिसन? माझ्या बाजूच्या पंचाले. तुमाले वांग्याचं तोंड दिसते, पाठ नाई दिसत." आत्याबाई दारातून बघत होत्या. "भरीत कराची हायेत ती, का शाळा शिकवाची हाये?" म्हणाल्या. त्या दिवशीचं भरीत मात्र झकास झालं होतं.

शिट्टीची गंमत तर अजून कुणाला सांगितली नाही. घरात वाजवायची सोय नव्हती, म्हणून आपण तुरीच्या वावरात गेलो. तुझी शिट्टी फुर्र करून विझायची. खो-खोत वारा पिऊन धावणारी तू, आणि शिट्टीत तुझा जीव नाही. मी वाजवली तर शेजारच्या वावरातले काका काठी घेऊन धावत आले, रानडुक्कर शिरलं समजून. तू तुरीत खाली बसून हसत सुटलीस. काकांना काय सांगावं कळेना, म्हणून मी म्हटलं, डुक्कर तिकडं गेलं. बिचारे तिकडं धावले.

मग पांढऱ्या कपड्यांवरून अडलं. पंचाला पांढरा ड्रेस लागतो. आत्याबाई म्हणाल्या, "घरात दोन्ही सवाशिणी, आणि दोन्ही पांढऱ्यात हिंडन? लोक काय म्हणन? पोरं हायेत का मेले माहे?" या बाबतीत त्यांची काही चूक नव्हती, त्यांच्या काळात पांढऱ्याचा एकच अर्थ होता. तू त्यांच्याशी वाद घातला नाहीस. दोन्ही ड्रेस मी मशीनवर शिवले आणि तू प्रत्येकीच्या गळ्याच्या आतून हिरव्या दोऱ्याची बारीक शिलाई घालून घेतलीस, बाहेरून दिसणार नाही अशी. "पाहा आत्याबाई, हिरवं हाये नं आत?" म्हणालीस. म्हातारीनं बोट लावून बघितलं आणि हसली. तुला माणसं अशी वळवता येत. मला येत नाही, मी सरळ डोक्यात जाते.

यवतमाळला परीक्षा. लेखी झाली, मैदानावरची झाली. तोंडीला आपल्या दोघींना एकत्रच बोलावलं. समोर बसलेले सर कडक. नियम विचारून झाले, मग त्यांनी आपली नावं वाचली, आडनाव एकच बघून विचारलं, "बहिणी का?" तू म्हणालीस, "जावा जी." ते हसले. मग म्हणाले, "मैदानात एकीचा निकाल दुसरीला पटला नाही, तर?" मी नियम सांगणार होते की प्रत्येकीनं आपली बाजू बघायची, दुसरीनं विचारलं तरच सांगायचं. तू माझ्या आधी बोललीस.

"घरी जाताना पाहून घेऊ जी."

सगळे हसले. पण तू चेष्टेत बोलली नव्हतीस. पुढं तोच आपला कायदा झाला. मैदानात एक अक्षर बोलायचं नाही. तुझ्या बाजूला तू, माझ्या बाजूला मी. मी एखादा निकाल चुकीचा दिला असेल तरी तू समोरून नजरही वर करायची नाहीस. पण स्कूटी मैदानाबाहेर पडली की सुरू. दारव्ह्याहून आपल्या बोरीपर्यंत जो काय तंटा व्हायचा तो त्या रस्त्यावर. तू गाडी चालवताना हात सोडून फाउल दाखवायचीस, मी मागून ओरडायचे, अगं ट्रक आहे. आणि घराच्या फाटकाशी आलो की संपलं. उंबऱ्याच्या आत खेळ न्यायचा नाही. किती भांडणं आपण त्या रस्त्यावर सोडून दिली असतील. रस्त्यालाच माहीत.

तुला माझ्यापेक्षा जास्त गुण पडले होते परीक्षेत. मी म्हटलं, बाजारातून वांगी मी आणली होती. तू म्हणालीस, देठ मी लावले होते.

आता त्या सामन्याचं.

यंदाच्या तालुक्याच्या सामन्यांत तनुचा संघ अंतिम फेरीत आला आणि त्या सामन्याला लागलेले दोन पंच आलेच नाहीत. संयोजकांनी आपल्याला उभं राहायला सांगितलं. तू आधीच दोन्ही शाळांच्या सरांसमोर जाऊन सांगितलंस, माझी मुलगी या संघात आहे, चालत असेल तर उभी राहते, नाहीतर दुसरा माणूस पाहा. दोघे म्हणाले, ताई तुम्हीच राहा. मला तेव्हाच वाटलं होतं, नको म्हणावं. पण समोर तू असलीस की मला कशाची भीती वाटत नसे, आणि मी माझ्या जागेवर जाऊन उभी राहिले.

शेवटचं मिनिट. तनुच्या संघाला बरोबरी करायला एक गडी बाद करायचा होता. पलीकडची शेवटची पोरगी वाऱ्यासारखी पळत होती, माझ्या बाजूला आली. तनु माझ्याकडे तोंड करून बसलेली. मी तिचे डोळे बघत होते. मागून, तुझ्या बाजूनं, तिची मैत्रीण धावत आली. "खो" असा आवाज आला, तनु उठली, झेपावली, आणि पळणाऱ्या पोरीचा पाय तिच्या हाताला लागला. दोघी धुळीत. सगळी शाळा उड्या मारायला लागली. तनुनं पडल्या पडल्या हात वर केला आणि तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी जन्मात विसरणार नाही.

आणि तुझी शिट्टी वाजली.

फाउल. पाठीला हात लागायच्या आधी उठली. गडी बाद नाही. पोरी पुन्हा धावायला लागेपर्यंत वेळ संपली. एका गुणानं हरल्या.

तनु उठलीच नाही. मातीत बसून तुझ्याकडे बघत राहिली. तू तिच्याकडे बघितलं नाहीस. तू पंच होतीस, बरोबर आहे. पण सामना संपल्यावरही तू लगेच गेली नाहीस तिच्याकडे, आधी गुणांच्या कागदावर सही केलीस. ते मला फार लागलं. त्या क्षणी मला वाटलं, ही बाई आई आहे की कोण आहे.

आणि नशीब बघ, भांडायला रस्ता मिळाला नाही. आपल्या दोघींच्या मध्ये स्कूटीवर तनु बसली होती. दारव्ह्याहून बोरीपर्यंत तिघी गप्प. फाटकाशी आलो, आणि पहिल्यांदा मी आपला कायदा मोडला. चुलीपाशी तुला धरलं.

"काय वं, तुले दिसलं तरी काय? पोरगी आवाज ऐकूनच उठली. मी ह्या कानानं ऐकलं."

"आवाज आधी आला बाई, हात मागून लागला. खो कानानं नसते, पाठीनं असते."

"तुझी पोरगी नसती तं वाजवली असती काय शिट्टी? खरं सांग. तू तुझीच हाये म्हणून जास्त कडक झाली."

तू पोळपाटावरून हात काढलास. माझ्याकडे बघितलंस. तुझ्या डोळ्यांत पाणी होतं, ते मला दिसलं. "मी पाहिलं ते वाजवलं," एवढंच म्हणालीस, आणि पुन्हा पोळी लाटायला लागलीस.

तनुनं तुझ्याशी बोलणं टाकलं. मार खाल्ला असता तरी एवढी रुसली नसती. तू ताट वाढलंस की मला म्हणायची, मोठ्याई, तू वाढ. तू वेणी घालायला बोलावलंस की कंगवा घेऊन माझ्याकडे यायची. तू वरवर हसायचीस, "निकाल पटला नाई तिले, येईन पटन तवा." आणि मी, मोठी जाऊ, शहाणी, दोघींत समेट करायचं सोडून मनातून पोरीच्या बाजूची. भाजी चिरताना मध्येच तुला टोमणा मारायचे, "आज कोणाले फाउल?" तू उत्तर द्यायचीस, मी उलट बोलायचे. रोज थोडं थोडं. उंबऱ्याच्या आत आणलेलं भांडण संपतच नाही, हे तेव्हा कळलं.

मग तुला ताप आला. या दिवसांत घराघरांत येतो तसा. दोन गोळ्या, काढा, उतरेल म्हणालीस. उतरला आणि परत चढला. डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि यवतमाळला न्या म्हणाले. ऑटो दारात आला. भाऊजींनी तुला उचलूनच बसवलं. तू माझ्याकडे बघून विचारलंस, "तनु कुठं हाये?" तनु मागच्या खोलीत होती. मी दोनदा हाक मारून आले होते, ती आतून कडी लावून बसली होती. मी म्हटलं, "शिकवणीले गेली." तू इतक्या तापातही हसलीस. "बाई, रविवारी शिकवणी नसते," म्हणालीस. ऑटो निघाला तेव्हा तू मान वाकवून मागच्या खिडकीकडे बघत होतीस. खिडकी बंद होती.

दवाखान्यात सोबतीला राहायची माझी पाळी आली तेव्हा तू जागी होतीस. हाताला सलाईन. ओठ कोरडे. मी चमच्यानं पाणी पाजत होते. मला वाटलं, तू दुखतंय म्हणशील, घरी न्या म्हणशील. तू म्हणालीस, "बाई, माझ्या जागी उभ्या राहून पाहा एकदा. मंग सांगा." मी म्हटलं, "आधी बरी हो, मंग पाहू कोण कुठं उभं राहते ते." तू डोळे मिटलेस. दुसऱ्या दिवशी भाऊजींचा फोन आला, आणि ते फोनवर काहीच बोलले नाहीत, नुसते श्वास घेत राहिले.

तुला हिरवं लुगडं नेसवलं. कपाळभर मळवट भरला. ओटी भरली. सगळ्या बायका म्हणत होत्या, भाग्यवान, अहेव गेली. मी तुझे पाय धूत होते आणि गुडघ्यांपर्यंत हात गेला. ते डाग होते तिथंच. मी हात काढला नाही, मग कुणीतरी मला धरून उठवलं. आत्याबाई तुझ्या उशाशी बसून तुझ्या गळ्यावरून हात फिरवत होत्या आणि म्हणत होत्या, "हिरवं हाये माय, हिरवंच हाये." कुणाला कळलं नाही त्या काय म्हणताहेत. मला कळलं.

तुझे आभार मानायचे राहिले, माधुरी. तसं आपल्यात कुणी मानत नाही. पण चाळिशी ओलांडलेल्या बाईला वावर, चूल आणि शिलाई मशीन यांच्या पलीकडे एक जागा असते, ती आखलेल्या रेषेच्या बाहेर उभी राहते, तिनं शिट्टी वाजवली की धावणारं सगळं थांबतं, हे मला तू दिलंस. पोरी मला पंचताई म्हणायच्या. बाजारात एकदा एका पोरीनं आईला सांगितलं, "आई, ह्या पंचताई." त्या बाईनं मला वाकून नमस्कार केला. मी घरी येऊन तुला सांगितलं आणि तू म्हणालीस, "आता बाईंचा भाव वाढला." वाढलाच होता.

आता पुढचं लिहायला हात उचलत नाही, पण त्याचसाठी लिहायला बसले.

परवा शाळेचे सर आले. पुढच्या सामन्यांसाठी पोरींचा सराव घ्यायचा आहे, येता का, म्हणाले. मला जायचं नव्हतं. गेले. पोरी बसल्या, तनु घरीच राहिली. सवयीनं मी माझ्या बाजूला जाऊन उभी राहिले आणि समोर बघितलं. समोर सर उभे होते. मला ते बघवेना. मी म्हटलं, सर, तुम्ही इकडं या, मी तिकडं जाते. आणि तुझ्या जागी जाऊन उभी राहिले.

माधुरी, तिथून पाठी दिसतात. तनुसारख्या माझ्याकडे तोंड करून बसणाऱ्या पोरींचे मला आतापर्यंत नुसते चेहरे दिसत होते. तिथून एकेक पाठ दिसते आणि पाठीवर पडणारा हात दिसतो. तनुची ती मैत्रीण धावत आली, तिनं खो दिला, आणि मला लख्ख दिसलं. तिला सवयच आहे. तोंडानं आधी ओरडते, हात मागून टेकवते. एक पोरगी तिच्या आवाजावर उठली. दुसरी उठली. दर वेळी हात लागायच्या आधी. समोर सरांना काही दिसलं नाही, ते टाळ्या वाजवत होते. माझ्या ओठांत शिट्टी होती आणि ती वाजवायचं मला सुचलं नाही.

तू बरोबर होतीस. फाउल होता. तुझीच पोरगी होती, तिचा हात वर होता, सगळं मैदान नाचत होतं, मी समोरून तुझ्याकडे डोळे वटारून बघत होते, आणि तरी तू वाजवलीस. तुला काय झालं असेल गं तेव्हा? आणि मी मनात म्हटलं, ही आई आहे की कोण आहे.

घरी येऊन तुझ्या फोटोपुढं बसून हे म्हणायचं, असं ठरवून मी आले. आत्याबाई फोटोपुढं झोपल्या होत्या, म्हणून बोलले नाही. सकाळी बोलू म्हटलं.

सकाळी तनु कंगवा घेऊन आली. तिची वेणी आता मीच घालते. माझ्याकडे पाठ करून बसली. मी केसांचे दोन भाग केले, एक वेणी घालून झाली, दुसरी घेतली.

"मोठ्याई, तू काल मैदानात गेलती?"

"गेलती."

"आईच्या बाजूले उभी होती म्हणे."

"होती."

"मंग? दिसलं काय?"

माझे हात थांबले. ती मागे वळली नाही. समोर भिंतीकडे बघत बोलत होती, पाठ केलेलं बोलावं तसं.

"खरं सांग. फाउल होता काय माझा? मी आईसंग बोलली नाई. ऑटो आला तवा मी मागच्या खोलीत होती. तू आवाज दिला तो मले ऐकू आला होता. फाउल नसन तं आईचं चुकलं होतं. मंग माझं येवढं नाई चुकलं. हो नं? आणि फाउल असन तं..."

तिच्या मानेवरची बारीक शीर उडत होती. बारा वर्षांची पोरगी, इतके दिवस हाच हिशेब घेऊन शाळेत जात होती, जेवत होती.

तू असेपर्यंत तुझी बाजू मी कधी बघितली नाही. तू कधी माझी बघितली नाहीस. तू असतीस तर काय सांगितलं असतंस मला ठाऊक आहे. तू तिला समोर बसवून खरं सांगितलं असतंस, वांगी मांडून दाखवलं असतंस, आणि मग पोटाशी धरलं असतंस. पण ते पोटाशी धरायला तू हवी होतीस. मी धरून काय होणार? मी सांगितलं असतं की तुझी आई बरोबर होती, तर ती पोरगी त्या बंद खोलीतून जन्मभर बाहेर आली नसती.

"नव्हता," मी म्हटलं.

"नव्हता?"

"नव्हता फाउल. हात लागला होता. तुझ्या आईले बरोबर दिसलं नाई."

"म्हणजे आईचं चुकलं."

"हो. चुकलं तिचं."

मला वाटलं, सुटली. मी पुन्हा वेणी घ्यायला गेले तर तिचे खांदे हलायला लागले. पहिल्यांदा.

"चुकू दे नं मंग," ती म्हणाली. "मी काई म्हणलं नसतं. मी बोलली असती दोन दिवसांनं. घरी यायले पाहिजे होतं नं तिनं."

मग ती अशी रडली, माधुरी, की आत्याबाई धावत आल्या, भाऊजी चपला न घालता आले, आणि कुणालाच तिला धरता येईना. आई, आई, म्हणून ओरडत होती. मी तिला छातीशी घेतलं होतं आणि ती तुलाच हाक मारत होती.

तू पाहिलं ते वाजवलंस. मीही पाहिलं, तुझ्याच जागी उभं राहून, आणि उलटं सांगितलं. तुझ्या लेकीपुढं तुला चुकीची ठरवून बसले, आणि आता ते मला कधी बदलता येणार नाही. उठ ना गं. एवढा खोटा निकाल दिलाय मी, भांड ना माझ्याशी.